चौदा फुटांचं वाचनालय

सुमेधा गद्रेने सोळा वर्षांत एकोणीस टॉवरांच्या लॉब्या केल्या होत्या. लॉबीत कोणी राहत नाही, त्यामुळे तक्रारीही फारशा येत नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी तिने ती नोकरी सोडली, दादरच्या घरात बाहेरच्या खोलीत टेबल टाकलं आणि आर्किटेक्ट म्हणून स्वतःच्या नावाची पाटी लावली. पाच महिन्यांनी पहिलं काम आलं, परळच्या एका चाळीतल्या वाचनालयाचं. ते आणलं रमाकांत पेडणेकरांनी. ते तिच्या वडिलांबरोबर पोर्टाच्या ऑफिसात होते आणि निवृत्त झाल्यापासून वाचनालयाचे अध्यक्ष होते.

"जागा जरा लहान आहे," रमाकांत फोनवर म्हणाले.

"किती लहान?"

"तू ये. फोनवर सांगितलं तर येणार नाहीस."

ती गेली. तीन नंबरची चाळ आणि पाच नंबरची चाळ यांच्यामध्ये पूर्वी चार नंबरची इमारत होती. आठ वर्षांपूर्वी ती धोकादायक ठरली, भाडेकरूंना दुसरीकडे घरं मिळाली आणि इमारत पाडली. उरलेली जागा रुंदीला चौदा फूट दोन इंच आणि खोलीला अठ्ठावन्न फूट. अनेक बिल्डर येऊन बघून गेले. एकाने तर टेपही बाहेर काढला नाही. शेवटी चाळींची मालकी असलेल्या ट्रस्टने ती जागा वाचनालयाला दिली, कारण वाचनालय पूर्वी चार नंबरच्याच तळमजल्यावर होतं आणि दुसरं कोणी मागत नव्हतं. तळमजला आणि वर एक मजला बांधायची परवानगीही मिळाली. आठ वर्षं चार हजार दोनशे पुस्तकं गणपती मंडळाच्या खोलीत थर्माकोलच्या खांबांमागे ट्रंकांत पडली होती.

सुमेधा मोजमाप घेत होती तेव्हा वरून आवाज आला.

"काय मोजतंस गो?"

तीन नंबरच्या भिंतीत, पहिल्या मजल्यावर, एक खिडकी होती. खिडकीत एक म्हातारी बाई तांदूळ निवडत उभी होती. सुमेधाने हातातला नकाशा पाहिला. नकाशात ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती.

"जागा मोजतेय, आजी. इथे वाचनालय होणार आहे."

"होऊंदे की. किती उंच?"

"खाली एक आणि वर एक मजला."

आजींनी मान बाहेर काढून खाली पाहिलं, मग वर पाहिलं. "मगे माझी खिडकी?"

"नकाशात तर खिडकी दिसत नाही."

"नकाशो कधीचो?"

"एकोणीसशे अडतीसचा."

"तेव्हा मी पण नाय होतंय," आजी म्हणाल्या आणि सूप आत घेतलं.

सुमेधा जिना चढून वर गेली. आजींचं नाव रखमा. त्या आणि त्यांचे पती दगडू घाडीगावकर त्या खोलीत एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून राहत होते. दार अंधाऱ्या पॅसेजमध्ये उघडत होतं. तीन आणि चार नंबरच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असल्यामुळे खिडकीचा प्रश्नच कधी आला नव्हता. घरात दिवसभर बल्ब लागायचा. चार नंबर पाडल्यावर दगडूंनी छिन्नी-हातोडा घेऊन तीन दिवसांत दीड फूट जाडीच्या भिंतीला भोक पाडलं आणि चार नंबरच्याच मलब्यातून एक चौकट उचलून त्यात बसवली. ते आयुष्यभर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत आले होते, गवंडीकाम त्यांचं नव्हतं, त्यामुळे खिडकी एका बाजूला दोन इंच खाली होती.

दगडू खिडकीशेजारी लोखंडी खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. वय अठ्ठ्याहत्तर. ते वाचनालयाच्या समितीचे सर्वांत जुने सदस्य होते. वाचनालय पुन्हा उभं राहावं म्हणून त्यांनी आठ वर्षांत सव्वीस पत्रं लिहिली होती आणि प्रत्येकाची झेरॉक्स जपून ठेवली होती. सुमेधाने अडचण सांगितली. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"बंद करा," ते म्हणाले.

"काय?"

"खिडकी. ती बेकायदेशीर आहे. वाचनालय कायदेशीर आहे."

रखमाने गॅसवरचं पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं, गरजेपेक्षा जरा जोरात.

पुढच्या रविवारी मंडळाच्या खोलीत समितीची सभा झाली. सुमेधाने पहिला आराखडा भिंतीला लावला. तीन नंबरला लागून सरळ भिंत, आणि तिच्यावर जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. चार हजार दोनशेच्या चार हजार दोनशे बसत होती. सदस्यांना आराखडा आवडला. रमाकांतांनी चष्मा लावला.

"विषय क्रमांक तीन. खिडकी," ते म्हणाले. "माझ्या मते, जी खिडकी नकाशात नाही ती बंद करण्याचा ठराव आपल्याला करता येणार नाही. ती उघडी ठेवण्याचाही करता येणार नाही."

"मग काय करता येईल?" सुमेधाने विचारलं.

"नोंद घेता येईल."

नोंद घेतली जात असताना रखमा दारात येऊन उभी राहिली. समितीच्या सभेला ती कधी आली नव्हती. तिने चप्पल बाहेर काढली, सरळ आराखड्यापाशी गेली आणि बोट फिरवत सुमेधाला विचारलं, "आमची खोली खंय?"

सुमेधाने दाखवली.

"आणि खिडकीच्या जाग्यार काय ठेवतलंस?"

"पुस्तकं, आजी. तिथे बहुतेक कादंबऱ्या येतील."

रखमा नवऱ्याकडे वळली. "तुम्ही बावन्न वर्षां ह्या वाचनालयात जातास. एक तरी पुस्तक माका हाडून दिलात?"

खोलीत अकरा माणसं होती. दगडूंनी त्यांतल्या कोणाकडेच पाहिलं नाही. "तू कधी मागितलंस?"

"तुम्ही कधी इचारलात?"

"हा विषय कार्यपत्रिकेवर नाही," रमाकांत हळूच म्हणाले.

रखमा चप्पल घालून निघून गेली. दगडू पुन्हा म्हणाले, बंद करा, आणि सभा संपली. तांत्रिकदृष्ट्या सुमेधाच्या मार्गात आता काहीच अडचण उरली नव्हती. लॉब्यांच्या काळात अशा सभेनंतर ती सरळ घरी जाऊन जेवली असती. ती तीन नंबरचा जिना चढून गेली आणि रखमाला म्हणाली, "आजी, मी एक दिवस तुमच्याकडे येऊन बसले तर चालेल का? मला उजेड बघायचा आहे."

"उजेड बघूक काय बसूक लागता?" रखमाने विचारलं. पण ये म्हणाली.

बुधवारी सकाळी नऊला सुमेधा गेली. रखमाने तिला तांदळाच्या डब्यावर बसवलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी ऊन खिडकीतून आत आलं आणि ओट्यावर पडलं. रखमाने त्या उन्हात बांगडे साफ केले. मग ऊन जमिनीवर उतरलं, तेव्हा ती जमिनीवर बसली आणि सुईत दोरा ओवला. मग दगडूंच्या गोळ्या वेगळ्या केल्या. रक्तदाबाची पांढरी होती आणि साखरेची पिवळट पांढरी, आणि बल्बखाली दोन्ही एकाच रंगाच्या दिसत. बारा पन्नासला ऊन गेलं. त्यानंतर साडेतीन-चारपर्यंत नुसता उजेड होता, पण वाचण्यापुरता होता. सुमेधा हे सगळं वेळा घालून वहीत लिहीत होती.

तिने आणखी एक गोष्ट लिहिली. निघताना ती दगडूंना म्हणाली, "काका, तुम्ही सकाळपासून खुर्ची चार वेळा सरकवलीत."

"सवय," दगडू म्हणाले.

"उन्हाबरोबर सरकवलीत."

"माझं मत मी सभेत दिलंय," दगडू म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

तीन आठवडे सुमेधाने दुसरं काही केलं नाही. जागा चौदा फूट, त्यात जिना, त्यात मुलांना अभ्यासाला टेबल, त्यात पुस्तकं, आणि आता त्यात उजेड. भिंत पूर्ण तीन फूट मागे घेतली तर वाचनालयाचा बोळ होत होता. अठरा आराखडे फाडल्यावर तिने खिडकीसमोर पाच फूट रुंद आणि सात फूट लांब एक चौक सोडला, खालपासून वर आभाळापर्यंत उघडा. जिना त्या चौकाच्या तीन बाजूंनी वळवत वर नेला आणि जिन्याला चौकाच्या बाजूने काच लावली. जिन्याच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीत, पायरीगणिक, पुस्तकांची फळी. आता रखमाच्या खिडकीत ऊन येणार होतं आणि एरवी सगळ्यात काळोखी झाली असती ती मधली जागा वाचनालयातही उजळणार होती. तिने पुस्तकं पुन्हा मोजली. तीन हजार आठशे एकोणनव्वद बसत होती.

"म्हणजे तीनशे अकरा बाहेर," सभेत रमाकांत म्हणाले.

"हो."

"कुठली?"

या प्रश्नाला समितीत फक्त एक माणूस उत्तर देऊ शकत होता, कारण चार हजार दोनशे पुस्तकं फक्त त्यानेच वाचली होती, आणि त्यानेच सगळ्या सभांत एकही पुस्तक काढू नये म्हणून हात वर केला होता. दगडू बराच वेळ आराखड्याकडे बघत राहिले. चौकाकडे बघत होते की जिन्याकडे, ते सांगता येत नव्हतं.

"यादी माझ्याकडे द्या," ते शेवटी म्हणाले.

त्यांना अकरा दिवस लागले. रोज सकाळी ते मंडळाच्या खोलीत जाऊन ट्रंका उघडत. मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या एकशे चाळीस प्रती निघाल्या, त्यांतल्या त्यांनी दोन ठेवल्या. रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची गाइडं गेली. वाळवीने मधोमध बोगदा केलेला एक शब्दकोश गेला. हळूहळू आकडा तीनशे नऊवर आला आणि तिथे थांबला. दोन दिवस दगडू तिथेच बसून राहिले. मग त्यांनी सुमेधाला फोन केला.

"दोन होत नाहीत," ते म्हणाले.

सुमेधाने एक फळी चार इंचांनी वाढवली.

काम बुधाजी नावाच्या कॉन्ट्रॅक्टरकडे गेलं. बुधाजी चांगला माणूस होता. बोळातून वाळू आत कशी न्यायची ते त्याला कळत होतं, आणि अशा जागी तेच महत्त्वाचं असतं. तळमजला उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये सुमेधाला डेंग्यू झाला आणि ती नऊ दिवस हॉस्पिटलात होती. त्याच दिवसांत रखमा भाचीच्या घरभरणीला कुडाळकडे गावी गेली होती.

ती परत आली ती सकाळच्या वेळी. पिशवी खाली ठेवली, कोकमं डब्यात भरली आणि खिडकी उघडली. समोर विटा होत्या, चौकटीपासून वीतभर अंतरावर, वर-खाली, डावी-उजवीकडे. सिमेंट अजून ओलसर होतं.

दगडू खुर्चीवर बसले होते.

"तुम्ही खंय होतात?" रखमाने विचारलं.

"हयच."

"भिंत बांधताना?"

"हयच बसलेलंय."

"मगे काय केलात?"

दगडूंनी थोडा विचार केला. "च्या दिलंय," ते म्हणाले. "दोन येळा."

तिने खिडकी लावली, बल्ब लावला आणि दगडूंची खुर्ची उचलून बल्बच्या बरोबर खाली आणून ठेवली. मग भात टाकला. दोन दिवस घरात खिडकीचा विषय निघाला नाही. खरं तर कुठलाच विषय निघाला नाही. गोळ्या देताना ती पाकीट पॅसेजच्या टोकाशी घेऊन जायची, जिथे जिन्यातून थोडा उजेड येतो, तिथे रंग बघायची आणि परत यायची. हे दगडू पेपराच्या वरून बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी पलंगाखालून छिन्नी आणि हातोडा काढला.

नवी भिंत चार-साडेचार इंचांची होती आणि पुरती सुकलीही नव्हती. तरी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खिडकीतून हात बाहेर काढून ठोकणं सोपं नव्हतं. रखमाने मागून त्यांची कंबर धरली. पहिली वीट पलीकडे खाली पडली तेव्हा बुधाजी धावत आला.

"काका! काय करताय? भिंत आहे ती!"

"ठाऊक आहे," भोकातून दगडूंचा आवाज आला. "चुकीची आहे."

"मला नकाशात दिलीय!"

"मग नकाशा चुकीचा आहे. खाली कोणी उभं राहू नका."

सुमेधाला फोन गेला. ती सलाईनच्या सुईची पट्टी हातावर असतानाच टॅक्सीने आली. बुधाजीने जागेवरचा कागद आणून उलगडला. तो पहिला आराखडा होता, सरळ भिंतीचा. दुसरा त्याच्या मोबाइलवर होता आणि मोबाइल आठवड्यापूर्वी सिमेंटच्या पाण्यात पडला होता. गवंड्याने जो कागद हाताशी होता तो पाहून काम केलं होतं. भिंत अगदी ओळंब्यात, तसूभरही न झुकलेली होती. त्या जागेवरचं तोपर्यंतचं सगळ्यात नीट काम तेच होतं.

"चूक माझी आहे," सुमेधा म्हणाली. "पहिला कागद मी परत घ्यायला हवा होता."

ती वर गेली. दगडू पलंगावर बसले होते, केसांत विटांचा भुगा, आणि रखमा त्यांच्या तळव्याला हळद लावत होती.

"काका, तुम्ही गवंड्यांना थांबवलं का नाही? दुसरा आराखडा तुम्हाला माहीत होता. पुस्तकं तुम्हीच काढलीत."

"मला वाटलं, समितीने पुन्हा बदललं असेल."

"तुम्हीच तर समितीत आहात."

"म्हणूनच," दगडू म्हणाले. मग हाताकडे बघत, "मी आधी बंद करा म्हटलं होतं. शब्द दिलेला असतो माणसाने. आता कुठल्या तोंडाने जाऊन सांगायचं, की मला खिडकी हवी आहे?"

"माका सांगूचा होतात," रखमा म्हणाली.

"तू गावाक होतंस."

"फोन आसा मां."

उरलेली भिंत बुधाजीने संध्याकाळपर्यंत उतरवली. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात रमाकांतांनी लिहिलं, 'सदस्य श्री. घाडीगावकर यांनी बांधकामात प्रत्यक्ष सहकार्य केले.' ते एकमताने मंजूर झालं.

फेब्रुवारीत वाचनालय उघडलं. प्रमुख पाहुण्यांबरोबर आलेली माणसं आत मावेनात, म्हणून पाहुण्यांनी भाषण बोळात केलं आणि मोठ्या शहरांना मोकळ्या जागांची गरज असते असं सांगितलं. रमाकांतांनी आभार मानले. त्यात आर्किटेक्टचं नाव त्यांनी सुमती घेतलं आणि मग दुरुस्त केलं. सुमेधा जिन्यावर उभी राहून लोक आत येताना बघत होती. पहिल्या वळणावर पोचल्यावर जवळजवळ प्रत्येक जण वर बघत होता. तिच्या एकोणीस लॉब्यांत कोणी वर बघितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला रडू येईलसं वाटलं, म्हणून ती खाली जाऊन चहा पिऊन आली.

रखमा सभासद झाली, क्रमांक एकशे अठरा. दगडूंनी तिच्यासाठी तीन पुस्तकं आधीच बाजूला काढून ठेवली होती. तिने तिन्ही चाळली आणि परत दिली. मग जिन्याच्या भिंतीपाशी पायरी पायरी करत वर गेली, अर्धा तास घेतला आणि सापांवरचं एक जाड सचित्र पुस्तक घेऊन खाली आली.

"साप?" दगडू म्हणाले.

"गावाक घरामागच्या परड्यात एक दिसलो होतो. घोणस होती की काय ता बघूचा आसा."

जुलैच्या एका शुक्रवारी सुमेधा गळतीबिळती बघायला गेली. बारा वाजले होते. जिना मुलामुलींनी भरला होता. टेबलं रिकामी आणि परीक्षेची पोरं पायऱ्यांवर, कारण उजेड तिथे सर्वांत चांगला. तिला बरं वाटलं. मग तिने काचेतून समोर पाहिलं. रखमाच्या खिडकीला पडदा होता. पूर्ण ओढलेला.

सुमेधा वरच्या वळणावर गेली आणि काचेतली एक झडप उघडून हाक मारली. "आजी!"

पडद्याच्या कडेतून रखमाचं डोकं आलं. "अगो, तू? कधी इलंस?"

"आजी, पडदा का?"

"पोरांका वास येता म्हणतत, बांगड्यांचो. अभ्यास होयत नाय. आणि बघीत बसतत, मी काय रांदतंय ता. एकीन काल माका इचारल्यान, तिरफळां किती घातलास म्हणान."

सुमेधाने मनात हिशेब मांडला. अठरा आराखडे, नऊ दिवस हॉस्पिटल, एक पाडलेली भिंत. "मग ऊन?" तिने विचारलं.

"पांढरो, पातळ पडदो घेतलंय. येता ऊन."

"आणि वास?"

"वास पण येता. पण कोणाच्या घरातसून येता ता आता कळना नाय."

पायरीवरची एक मुलगी मान खाली घालून हसली. पडद्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"जेवलंस?" रखमाने विचारलं.

"नाही अजून."

"मगे ये."

मध्ये पाच फुटांचं अंतर होतं. ताट पलीकडे देता आलं नसतं आणि माणसालाही जाता आलं नसतं. सुमेधाने झडप लावली, पोरांच्या मधून वाट काढत खाली आली, बोळातून बाहेर पडली, तीन नंबरच्या दारातून आत शिरून जिना चढली आणि पॅसेजमधून शेवटच्या खोलीपाशी पोचली. दार उघडंच होतं. रखमाने तिसरं ताट मांडलं होतं आणि तव्यावर आणखी एक बांगडा टाकला होता.